ओल्या रंगाची खोली

बागेतल्या बाकावर बसायचं, त्यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. सफेदाकाकांना मात्र तसं नुसतं जाऊन बसता येत नसे. फाटकातून आत आले की ते आधी थांबायचे, झाडाची पानं कुठल्या अंगाला हलताहेत ते बघायचे, आणि मग ज्या बाजूने वारा येतोय त्या बाजूचा बाक धरायचे. समोरच्या बाकावर त्यांचा जोडीदार बसलेला असायचा. बोटांत विडी, पाय पसरलेले. दोघांनी उभा जन्म एका शिडीवर काढला होता. एकाने शिडी धरायची, दुसऱ्याने छत रंगवायचं. आणि आता म्हातारपणी दोघांच्या मध्ये फुलझाडांचा एक अख्खा वाफा.

"काय सफेद्या, वाऱ्याने परवानगी दिली का?" जोडीदार तिकडून ओरडायचा.

काका नुसता हात वर करायचे. ओरडून उत्तर द्यायचं तर दम लागतो, आणि दम ही त्यांच्याकडे अगदी तळाशी उरलेली चीज. तेव्हा बोलायचं जोडीदाराने आणि मान हलवायची काकांनी. "काहीतरीच बरळू नकोस" असं म्हणायचं असलं की हात झटकायचा. मध्येच वारा फिरला की काका उठायचे, आणि जोडीदार म्हणायचा, "निघाली राजांची स्वारी! अरे, एकदा मला विडी सोड म्हण ना, बघ सोडतो की नाही!" काकांनी म्हटलं होतं की. एकदा नाही, शंभरदा म्हटलं होतं. आणि त्यानेही सोडली होती, दर सोमवारी.

सफेदा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. रंगाऱ्याचा धंदा, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, मानेच्या वळीत कायम पांढरा रंग वाळलेला. पुढे केसच पांढरे झाले आणि नाव पक्कं झालं. खरं नाव घरच्यांना ठाऊक. घरचं माणूस म्हणजे तरी कोण, एक लेक, तीही लग्न होऊन दुसऱ्या गावी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एक खोली, एक मोरी, रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी, आणि तीही कधी उघडायची नि कधी लावायची हे ठरवण्यात अर्धा दिवस जायचा.

छातीचा आजार जुना होता. डॉक्टरीणबाईंनी कागदावर फुप्फुसं काढून समजावलं होतं, की आतल्या नळ्या सुजल्यात, गेलं ते काही परत यायचं नाही, पण उरलंय ते सांभाळता येईल. "दुखणं एकदम उसळतं ना, ते उगाच नाही उसळत. कशाने तरी उसळतं. ते कशाने, हे तुम्हीच शोधा. प्रत्येकाचं वेगळं असतं."

हे काम काकांना बरोबर जमलं. का, तर आयुष्यभर त्यांनी भिंतीवरची ओल शोधली होती. अडाणी रंगारी डाग दिसला की डागावर रंग फासतो. जाणता रंगारी डागाकडे बघतच नाही. पाणी मुरतंय कुठे ते बघतो. वरच्या मजल्यावरची मोरी, पलीकडच्या खोलीतला नळ, गच्चीवरची भेग. काकांनी छातीचंही तेच केलं. खोकला वाढला, कफाचा रंग बदलला, औषधाचा पंप ओढूनही मोकळं वाटेना झालं, की ते डोळे मिटून आदल्या दिवसाच्या मागे मागे जायचे. कुठे गेलो, कोण भेटलं, काय हुंगलं, काय झाडलं.

आणि एकेक चोर सापडत गेला. पहाटेची गार हवा. गल्लीच्या टोकाला जाळलेला कचरा. कोरड्या झाडूने उडालेली धूळ. डासांची कॉइल. कुणी कढईत मिरची परतली की तिचा ठसका. सर्दी झालेला माणूस. जेवण झाल्या झाल्या चढलेला जिना. आणि मनापासून हसणं! हे कळलं तेव्हा मात्र काकांना भयंकर राग आला. धूर समजू शकतो, धूळ समजू शकतो, पण हसू? आणि गंमत म्हणजे राग आला की तेही बाधायचं.

मग काय, सगळं टाळायला लागले. केस कापायच्या दुकानात फवारे मारतात म्हणून आरशासमोर बसून स्वतःच कात्री चालवायची. मागची बाजू उंदराने कुरतडल्यासारखी दिसायची. वाचनालयात जुन्या पुस्तकांची धूळ, तिकडे जाणं बंद. शेजारीण एकदा काही विचारायला आली, अंगभर पावडर थापून. काकांनी पटकन रुमाल नाकाला लावला. बाई काय समजायचं ते समजली, आणि त्या दिवसापासून ती यांच्याकडे बघून नाक मुरडायला लागली. "मोठे आलेत साहेब!" हे तिने जिन्यात, यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं. जाऊन समजावता आलं असतं. पण समजावायचं म्हणजे तिच्या जवळ जायचं, आणि तिथे परत ती पावडर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. असं करता करता गल्लीत यांच्याशी बोलणारं कुणी उरलं नाही. दिवस दिवस आवाज फुटायचा नाही. कधी कधी दूधवाल्याला "हो" म्हणताना आपलाच आवाज ऐकून काका दचकायचे.

या सगळ्या चोरांत एक दरोडेखोर होता, आणि तो पहिल्याच दिवशी सापडला होता. रंग. त्यातही ऑइल पेंट आणि त्यात घालायचं टर्पेंटाइन. "धंदा काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काकांनी सांगितलं, आणि बाईंनी पेन खाली ठेवलं. "आधी ते सोडा. ओल्या रंगाच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकू नका." काकांनी सोडलं. पण लेकीला मात्र सांगितलं, की गुडघे गेले, आता शिडी चढवत नाही. का खोटं बोलले? अहो, याच रंगावर पोरीचं शिक्षण झालं, लग्न झालं. तिला सांगायचं, की बाई, तू शिकलीस ती माझ्या फुप्फुसांवर? त्यापेक्षा गुडघे बरे. गुडघ्यांबद्दल कुणी रडत नाही.

लेक बापाची लाडकी, आणि जिद्दीची. फोन केला की आधी खोकल्याची चौकशी आणि मग बाकीच्या गोष्टी. एक दिवस म्हणाली, "बाबा, आता नाही म्हणायचं नाही. गारठा कमी झाला की इकडे या. कायमचे. मी तुमची खोली तयार करतेय."

"अगं, तुमच्या संसारात कशाला माझी अडगळ?"

"झालं तुमचं सुरू! ऐका. जाजम काढून टाकलंय. पडदे धुतलेत. मांजर मैत्रिणीकडे दिलं. कॉइल बंद, मच्छरदाणी आणलीय. आणि तुमच्या जावयाने सिगरेट सोडली. खरंच सोडली, मी खिसे तपासते. अजून काय काय लागतं, सांगा."

काकांनी मनातल्या मनात सगळे चोर मोजले. एकही सुटला नव्हता. पोरगी बापावर गेली होती, पाणी कुठे मुरतं ते बघणारी. त्यांना भरून आलं. "काही नको," म्हणाले, "सगळं केलंस."

"आणि एक गंमत आहे. ती आल्यावर बघा."

इथे विचारायला हवं होतं, गंमत म्हणजे काय. पण गंमत म्हटल्यावर माणूस विचारतो का? किती वर्षांनी कुणीतरी त्यांच्यासाठी गंमत करून ठेवली होती. फोन ठेवून काका खोलीभर येरझाऱ्या घालत राहिले आणि दम लागल्यावर खाटेवर बसले. आता रोज सकाळी कुणीतरी "उठलात का बाबा" म्हणणार होतं. याहून जास्त त्यांना काही नको होतं.

जोडीदाराला सांगितलं. मग त्याने विडी विझवली आणि वाफा ओलांडून सरळ काकांच्या बाकावर येऊन टेकला. कपड्यांना विड्यांचा वास मुरलेला. काकांचा घसा खवखवायला लागला. पण ते उठले नाहीत.

"जा बाबा," जोडीदार म्हणाला. "लेकीचं घर आहे. इथे माझं तोंड बघून काय मिळणार तुला?" आणि मग तोंड दुसरीकडे वळवून, "पोचलास की कळव. नाहीतर कळवूही नकोस, जा."

लेकीचं घर दुसऱ्या मजल्यावर. जावई पोस्टात कामाला, माणूस अबोल पण हाताला मऊ. त्याने बॅग घेतली आणि सासऱ्यांच्या चालीने एकेक पायरी चढू लागला. पहिल्या वळणावर काका दम घ्यायला थांबले, आणि तिथेच त्यांना वास आला.

ऑइल पेंट. टर्पेंटाइन जरा जास्तच पडलेलं. रंगाचा दुसरा हात परवाच मारलाय, पहिला पुरता वाळायच्या आत. एवढं सगळं त्यांच्या नाकाने एका श्वासात सांगितलं. शेजाऱ्यांकडे रंगकाम असू दे रे देवा, असं म्हणत ते वर चढले. दार उघडं होतं आणि दारात लेक उभी होती. तिच्या बटेला लोणी रंगाचा एक ठिपका वाळलेला होता.

"डोळे मिटा!" म्हणाली, आणि हात धरून त्यांना खोलीत घेऊन गेली. "आता उघडा."

चारी भिंती लोण्याच्या रंगाच्या. खिडक्या-दारं पांढरी शुभ्र. रंगारी लावला नव्हता. कामावरून आल्यावर रोज संध्याकाळी तिने स्वतः रंगवलं होतं. आधी पॉलिश पेपर मारला, भेगांत लांबीची पुट्टी भरली, मग प्रायमर, मग दोन हात. लहानपणी बापाच्या मागे मागे फिरून बघितलेलं सगळं जसंच्या तसं. आणि ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून खिडक्या घट्ट लावून ठेवलेल्या, तेही बापानेच शिकवलेलं.

"तुम्हीच म्हणायचात ना, ऑइल पेंट तो खरा रंग, बाकी सगळं पाणी? बघा ना, ब्रशचा फराटा दिसतोय का कुठे? खरं सांगायचं हं."

आता रंगाऱ्याला भिंत बघ म्हटलं, की तो समोरून बघत नाही. तो भिंतीला गाल लावायच्या बेतात उभा राहतो आणि उजेड तिरपा पकडून बघतो. काकांचंही शरीर सवयीने पुढे झालं, मान वाकली, गाल भिंतीजवळ गेला. ओला, तीव्र वास सरळ छातीत उतरला. कोपऱ्यात एक ओघळ राहिला होता, खिडकीच्या चौकटीखाली एक डाग. बाकी काम साफ होतं. लेक दाराला टेकून उभी होती आणि अंगठ्याने बोटावरचा रंग खरवडत होती. शाळेत असताना प्रगतिपुस्तक दाखवून अशीच उभी राहायची.

बोलायचं एकच वाक्य होतं. पोरी, रंग मला चालत नाही. संपलं असतं सगळं तिथल्या तिथे. पण काका उभे होते आणि त्यांच्या डोक्यात एकच येत होतं, की लोकांच्या किती खोल्या आपण रंगवल्या, त्याला गणती नाही. बाळंतिणींच्या, नव्या जोडप्यांच्या, मरायला टेकलेल्या म्हाताऱ्यांच्या. आणि आपल्यासाठी कुणी एक भिंत रंगवली नव्हती. स्वतःची खोलीसुद्धा कधी रंगली नाही. रंगाऱ्याची भिंत रंगलेली बघितलीय का कुणी? भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काय उगाच?

"फर्स्ट क्लास," काका म्हणाले. "हात बसलाय तुझा."

लेक अशी हसली, की झालं. तिथून पुढे माघार नव्हती.

मग सुरू झाला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. काकांनी खिडकी उघडली, की लेक येऊन लावायची. "बाबा, गार हवा! आणि रस्त्याची धूळ चिकटेल रंगाला." बरोबरच होतं तिचं, दोन्ही गोष्टी त्यांनीच सांगितलेल्या. दिवसा ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, रस्त्यावरची रहदारी बघत. "इथे करमतं मला," म्हणायचे. रात्री इथेच अंथरूण घाल म्हणाले, तर तिचा चेहरा पडला. "खोली आवडली नाही का?" झालं, काका गुमान आत जाऊन पडले. मनाशी हिशेब चालला होता, की वास रोज थोडा थोडा कमी होतो. चार दिवस तग धरला की निभलं.

चार दिवस कसले! तिसऱ्या दिवशी सकाळी लेक चहा घेऊन आली, तर बाप खाटेच्या कडेवर, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकून बसलेला. खांदे वरखाली होताहेत, नखं निळसर पडलीत, आणि "बाबा" म्हटल्यावर मान वर करायचीही ताकद नाही. पंप उशीजवळ पडला होता, कितीतरी वेळा दाबलेला. जावयाने आणि खालच्या भाडेकरूने त्यांना खुर्चीसकट उचलून जिना उतरवला.

इस्पितळात वाफ दिली, सुया टोचल्या, नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क चढवला. जीव मुठीत धरून लेक पायथ्याशी उभी. तरुण डॉक्टर होता, त्याने चौकशी सुरू केली. घरात धूर? नाही. सिगरेट? सोडली. पाळीव प्राणी, फवारणी? नाही, नाही. "रंगकाम?"

"रंग दिलाय," लेक म्हणाली, "पण..."

"ऑइल पेंट? बंद खोलीत? आणि हे तिथेच झोपत होते?"

"अहो, पण बाबा रंगारीच आहेत! सगळं आयुष्य रंगात गेलंय त्यांचं."

"म्हणूनच," डॉक्टर म्हणाला आणि पुढच्या खाटेकडे गेला.

लेक वळली. तिचा चेहरा काकांनी असा कधीच बघितला नव्हता. तिची आई गेली तेव्हाही नाही. "बाबा, तुम्हाला वास नाही आला?"

मास्कच्या आत काकांना विचार करायला वेळ होता. खरं बोललो, तर म्हणेल, माहीत असून मरायला आलात, माझ्या हाताने. त्यांनी मास्क जरा बाजूला केला. "नाक गेलंय गं माझं. हल्ली वासच येत नाही कशाचा."

त्यांना वाटलं, पोरीवरचं ओझं उतरवलं आपण. कसलं उतरवलं! लेकीने ते शब्द धरून ठेवले. ज्या माणसाला वासच येत नाही त्याला सांभाळायचं कसं? त्याला तर धूरही कळणार नाही, काहीच कळणार नाही. आणि आपण, एवढं सगळं जपून, बरोबर तेच केलं जे करायचं नव्हतं. बाप बरा झाल्यावर तिने त्याला घरी नेलंच नाही. इस्पितळातून सरळ त्याच्या गावी, त्याच्या खोलीत आणून सोडलं. जावई म्हणत होता, अगं, महिन्या-दोन महिन्यांत वास जाईल, खिडक्या उघड्या ठेवू. तिने ऐकलं नाही. "आमचं घर बाधतं त्यांना," एवढंच म्हणाली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हिने तर ताकाकडे बघणंच सोडलं.

तरी ती यायची. महिन्यातून एका रविवारी, बसने. पण दारातच थांबायची. तोंडावर मास्क, खाऊ-औषधांची पिशवी उंबऱ्यावर ठेवून दोन पावलं मागे. काकांनी तिच्यासाठी खुर्ची मांडून, ओल्या फडक्याने पुसून ठेवलेली असायची.

"आत ये ना."

"नको. बसमध्ये शेजारच्या बाईने सेंट मारलं होतं, कपड्यांना लागलं असेल." नाहीतर, "परवापासून घसा धरलाय माझा, उगाच कशाला." कधी नुसतंच, "नको बाबा. लांबच बरी मी."

आणि मग तिथूनच, जिन्यातल्या उजेडात उभं राहून, औषधं घेता का, जेवता का, झोप लागते का. उत्तरं ऐकून झाली की जायची. ती खिडकीखालून जाताना दिसावी म्हणून काका घाईने उठायचे, पण खिडकीपर्यंत पोचेपर्यंत ती कोपऱ्यावरून वळलेली असायची. मग ती खुर्ची तशीच राहायची, खोलीच्या मध्यावर. तिच्या पुढच्या खेपेपर्यंत ते खुर्चीला वळसा घालून चालायचे.

बागेत एकदा त्यांनी जोडीदाराची विडी संपेपर्यंत वाट बघितली आणि मग जवळ जाऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. जोडीदार ऐकत राहिला आणि मग कपाळावर हात मारून घेतला.

"गाढवा! ती पोरगी रोज मनात म्हणत असेल, मी बापाला मारलं असतं. आणि तू नाक गेलं म्हणून बसलायस?"

"खरं सांगितलं तर म्हणेल, बाप वेडा आहे."

"तो तर तू आहेसच. वेडा बाप चालतो रे. जाऊन सांग तिला."

पुढच्या खेपेला ती आली, पिशवी ठेवली, मागे सरकली. काका खाटेवरून उठून दारापर्यंत आले आणि चौकट धरून उभे राहिले.

"मला वास आला होता," म्हणाले.

"कसला?"

"रंगाचा. त्या दिवशी. जिन्यातच आला होता, पहिल्या वळणावर. माझं नाक शाबूत आहे. तुझ्या दुसऱ्या हातात टर्पेंटाइन जास्त झालं होतं, तेसुद्धा कळलं." त्यांनी श्वास घेतला. "आणि गुडघेही शाबूत आहेत. रंगाने छाती गेली म्हणून धंदा सोडला मी. तुला मुद्दाम नाही सांगितलं."



"मग वर का आलात?" लेकीने विचारलं. "खोलीत का गेलात? झोपलात का तिथे?"

"तू रंगवली होतीस," काका म्हणाले. "माझ्यासाठी कुणी कधी भिंत रंगवली नव्हती गं."

लेकीने मास्क हनुवटीखाली ओढला, आणि उंबरा ओलांडून ती तरातरा आत आली.

"फर्स्ट क्लास म्हणालात! फर्स्ट क्लास! हात बसलाय म्हणे! मेला असतात तर? तर मी काय करणार होते, सांगा ना? त्या भिंतीकडे बघत जन्म काढला असता मी! अजून त्या खोलीचं दार उघडत नाही, माहितीये? ह्यांना म्हटलं कुलूप लावा. आणि तुम्हाला सगळं ठाऊक होतं! एक शब्द, बाबा, एक शब्द बोलला असतात तर रात्रीत खरवडून काढल्या असत्या मी भिंती!"

ती ओरडत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि काकांना मात्र एवढंच कळत होतं, की ती आत आलीय. शिव्या घालायला का होईना, आत आलीय. त्यांना हसू फुटायला लागलं आणि त्यांनी ते मोठ्या मिनतवारीने गिळलं. ओरडून ओरडून ती थकली आणि त्या खुर्चीवर बसली. काकाही खाटेवर टेकले. किती तरी महिन्यांनी ती हाताच्या अंतरावर होती. तिच्या कानामागचा एक केस पिकला होता. दारातून तो कधी दिसलाच नव्हता.

"आता येत जा अशी आत," काका म्हणाले. "तुझ्यामुळे मला काही होत नाही. शप्पथ."

लेकीने डोळे पुसले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "हे तरी खरं कशावरून?"

काका चादरीची सुरकुती नीट करू लागले.

"त्या दिवशीही तुम्ही असेच बसला होतात. असंच म्हणालात, फर्स्ट क्लास. इथे करमतं मला." तिने खांद्याच्या लहान पिशवीत हात घातला आणि इस्पितळात प्राणवायू मोजायला बोटाला लावायचे तसला छोटा चिमटा काढला. "हे विकत आणलंय तुमच्यासाठी. बोट द्या."

काकांनी बोट पुढे केलं. चिमटा लागला, लाल आकडा उमटला. लेकीने एका हाताने त्यांचा तळवा खालून धरला. "नव्वदच्या खाली गेला की मी उठणार," म्हणाली. "तुम्ही काय वाटेल ते म्हणा."

मग ती बोलू लागली. मांजर परत आणलं नाही. जावयाची बदली व्हायचं चाललंय. शेजारच्यांची मुलगी परदेशी गेली. सगळं बोलत होती, पण नजर आकड्यावरून हलत नव्हती; बापाच्या तोंडाकडे तिने एकदाही बघितलं नाही. काकांच्या घशात काहीतरी खवखवायला लागलं. तिच्या ओढणीला लागलेला साबण असेल, बसमधली धूळ असेल, नाहीतर नुसतंच रडू असेल. खोकला वर येत होता. आकडा ब्याण्णव होता, एक्क्याण्णव झाला. लेक बोलायची थांबली आणि खुर्चीवरून जराशी उचलली गेली.

काकांनी खोकला दाबून धरला. इस्पितळातल्या नर्सने शिकवलं होतं तसं नाकाने आत घेतलं आणि ओठांचा चंबू करून सावकाश, फुंकर घालावी तसं बाहेर सोडलं. परत आत. परत बाहेर. कपाळावर घाम आला. "बस," ते दुसऱ्या हाताने खुणावत होते, कारण तोंड कामात होतं.

आकडा परत ब्याण्णव झाला. लेक मागे टेकून बसली. खांद्यावरची पिशवी मात्र तिने उतरवली नाही.